डेटाशीट नसलेला कुत्रा

आधीच कबूल करते. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी घरात बोलण्यापुरतंच! मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी दोन आठवडे टाळाटाळ केली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "कॅन्टीनमध्ये ज्याच्याबद्दल तासभर बोलत बसतेस, त्याच्यावरच लिही की." म्हणून हा लेख वॉशरवर. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

पुढच्या वर्षी जे ज्युनिअर्स येतील त्यांना वॉशर दिसणार नाही. म्हणून त्याची ओळख करून देते.

जुलै २०२४. ताथवड्यात धो धो पाऊस, हायवेचा सर्व्हिस रोड तुंबलेला, आणि आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक छोटंसं कुत्रं येऊन बसलेलं. रंग कमी दुधाच्या चहासारखा, पाय आखूड, शेपूट पाठीवर वळलेली, एक कान उभा आणि एक अर्धवट पडलेला. वजन जेमतेम सात किलो. अंगाची गुंडाळी करून झोपलं की मधोमध बरोब्बर एक भोक राहायचं. मेकॅनिकलच्या मुलींनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, वॉशर.

"कुठली ब्रीड आहे?"

प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच. कुणी म्हणे पॉमेरियन क्रॉस, कुणी म्हणे डॅशहुंड मिक्स. एका सीनिअर ताईने तर 'हम आपके हैं कौन' मधल्या टफीचा भाऊ ठरवून टाकला. वॉचमन मामा मात्र म्हणाले, "अगं, गावठी आहे तो. उगाच इंग्रजी नावं कशाला चिकटवता?"

मी शोधायला बसले तेव्हा कळलं की आपण ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या त्या सिनेमातला टफीसुद्धा स्पिट्झच. म्हणजे नावातच घोळ! आणि वॉशर छोटा आहे म्हणून त्याच्यात विलायती रक्त असलंच पाहिजे, असंही नाही. कुत्र्यांचा आकार ठरवण्यात आयजीएफ-१ नावाच्या एका जीनचा मोठा वाटा असतो हे २००७ मध्ये सापडलं. आणि २०२२ मध्ये असं दिसलं की लहान आकाराशी जोडलेला या जीनचा प्रकार ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही होता. म्हणजे बुटकेपणाचा पार्ट कंपनीच्या स्टोअरमध्ये आधीपासून पडलेला होता, माणसाने तो फक्त पुढे वापरला.

गंमत म्हणजे आपल्या ताथवड्यातच पशुसंवर्धन खात्याचं वळू माता प्रक्षेत्र आहे. तिथे जनावराचे आई-बाप कोण याला फार महत्त्व, आणि इथे वॉशरला आईचा पत्ता नाही की बापाचा. पण माणसाच्या सोबतीला राहणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही माहिती किती कामाची?

उत्तर वाचून मी चाट पडले. २०२२ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले आणि २ हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए वाचला. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला फक्त ९ टक्क्यांच्या आसपासचा भाग ब्रीडने समजावता येतो! ब्रीडचा परिणाम शून्य नाही. पण ब्रीडवरून समोरच्या एका कुत्र्याचा स्वभाव सांगणं म्हणजे ब्रँच बघून मुलाचा सीजीपीए सांगण्यासारखं आहे.

आपण इंजिनीअर लोक कुठलाही पार्ट हातात घेतला की आधी डेटाशीट बघतो. ब्रीडचं नाव ही आपल्याला डेटाशीट वाटते. मिक्स कुत्र्याला ती नसते, आणि खरं तर पेडिग्रीवाल्यालाही पूर्ण अशी नसतेच. मग काय करायचं? टेस्टिंग! रोज बघायचं आणि लिहून ठेवायचं.

सिग्नल वाचायला शिकताना

आम्ही पहिली चूक केली ती शेपटीची. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असं आम्हाला वाटायचं. तसं नाही. सैल अंग आणि कमरेपासून हलणारी शेपूट म्हणजे आनंद. ताठ, उंच धरलेली आणि भरभर थरथरणारी शेपूट म्हणजे "मी टेन्शनमध्ये आहे". जांभई म्हणजे दर वेळी झोप नव्हे. नाक चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, या सगळ्याचा अर्थ "जरा लांब राहा" असा असू शकतो. कुत्रा आधी हळू आवाजात सांगतो, आपण ऐकलं नाही की गुरगुरतो, तरी ऐकलं नाही की चावतो. गुरगुरण्याबद्दल त्याला ओरडू नये. तो अलार्म आहे. अलार्मची वायर कापली म्हणून आग विझत नाही.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एका मुलीने वॉशर पोळी खात असताना त्याला मागून, वरून, दोन्ही हातांनी एकदम उचललं. टेडी बेअर उचलतात तसं. तो तिच्या मनगटाला चावला. खोल नाही, पण रक्त आलं. सगळ्या हॉस्टेलमध्ये बोंब झाली, "वॉशर बिघडला!"

तेव्हा मामांनी आरडाओरडा न करता तिला बेसिनजवळ नेलं आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायला लावली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच नाही. मग लगेच दवाखाना आणि लसीचे डॉक्टरांनी सांगितले तेवढे सगळे डोस. हे नीट लक्षात ठेवा. कुत्रा ओळखीचा असला, छोटा असला, नुसता ओरखडा असला, तरी डॉक्टरकडे जायचंच. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर हा आजार टळतो. वॉशरवर पुढचे दहा दिवस लक्ष ठेवलं. तो ठणठणीत होता.

आम्ही नंतर शांतपणे विचार केला. सात किलोच्या जिवाला पन्नास किलोचं काहीतरी वरून झडप घालून उचलतंय, तेही जेवताना. आपण काय केलं असतं? छोटा कुत्रा म्हणजे खेळणं, हा गैरसमज फार घातक आहे. मोठ्या कुत्र्याला कुणी असं उचलत नाही. म्हणून छोट्या कुत्र्याचे सिग्नल जास्त वेळा दुर्लक्षित होतात आणि तोच 'चिडका' म्हणून बदनाम होतो.

तो काय बघतो, काय ऐकतो, काय खातो

लॉनवर लाल बॉल टाकला की वॉशर वेड्यासारखा गोल गोल फिरायचा, निळा टाकला की सरळ जाऊन आणायचा. कारण साधं आहे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या कोन पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. निळा आणि पिवळा त्याला चांगला कळतो. हिरव्या गवतातला लाल बॉल त्याच्यासाठी मळकट रंगावर मळकट रंग. मग तो नाकाने शोधतो.

कान मात्र आपल्यापेक्षा भारी. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ च्या आसपास. त्यामुळे दिवाळीत काय होत असेल विचार करा. २०२४ च्या दिवाळीत हॉस्टेल रिकामं झालं, आम्ही सगळ्या घरी फराळ खात होतो, आणि वॉशर तीन दिवस मामांच्या केबिनमध्ये टेबलाखाली बसून होता. मामांनी टेबलावरून चादर सोडून त्याची गुहा करून दिली होती. ओढून बाहेर काढायचं नाही, लपू द्यायचं. हेच बरोबर आहे.

खाण्याचं सांगते. आम्ही प्रेमाने चॉकलेट दिलं असतं तर तो मेलाही असता. चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी. म्हणजे मेसचा रस्सा बंद! शिजवलेल्या चिकनची हाडं फुटून आतड्यात टोचतात, तीही नकोत. ग्लुकोजची बिस्किटं रोज दिली तर नुसती साखर. मेसच्या मावशी वॉशरसाठी बिनमिठाचा भात, उकडलेलं अंडं किंवा साधं चिकन बाजूला काढू लागल्या. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं. कुत्र्याला घाम पंजाच्या तळव्यातूनच थोडासा येतो. बाकी कूलिंग सगळं जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. मे महिन्यात दुपारी त्याला डांबरावर फिरवू नका.

आणि प्रेमाचं काय? कोलकात्याच्या आयसरमध्ये डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांच्या २०१७ च्या प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खाऊ दिला आणि काहींना डोक्यावर थोपटलं. जास्त विश्वास थोपटलेल्यांनी ठेवला! २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की अजिबात ट्रेनिंग नसलेली रस्त्यावरची कुत्रीसुद्धा माणसाने बोट दाखवलं की योग्य भांड्याकडे जातात. पण त्याच प्रयोगात जवळजवळ निम्मी कुत्री माणसाजवळ आलीच नाहीत. घाबरलेली होती. त्यांना अक्कल नव्हती असं कसं म्हणणार? आधीचा अनुभव वाईट असेल.

कोर्स चार वर्षांचा, कुत्रा पंधरा वर्षांचा

जानेवारी २०२५ मध्ये वॉशरची नसबंदी आणि लसीकरण झालं. कानाच्या टोकाला जी छोटी खाच दिसते ती त्याचीच खूण. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्याला परत त्याच जागी आणून सोडलं. आम्हाला वाटलं, झालं, आता सगळं सेट.

पण २०२५ हे वर्ष सगळ्याच कुत्र्यांसाठी उलथापालथीचं ठरलं. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची भटकी कुत्री पकडून, नसबंदी व लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवावीत आणि त्याच जागी परत सोडू नयेत, असा आदेश दिला.

रेक्टर मॅडमनी मीटिंग बोलावली. माझ्यासकट अर्ध्या मुली रडवेल्या. "वॉशर कुणाला काही करत नाही" असं आम्ही म्हणत असतानाच एक फर्स्ट इयरची मुलगी उठली. तिला लहानपणी गावाकडे कुत्रा चावला होता. ती म्हणाली, "मी रोज रात्री लायब्ररीतून येताना गेटवर दहा मिनिटं उभी राहते, कुणी सोबत मिळेपर्यंत. मी कुणाला सांगितलं नाही, तुम्ही हसाल म्हणून."

आम्ही गप्प झालो. वॉशरचे सिग्नल वाचण्यात आम्ही पीएचडी केली होती, आणि शेजारच्या रूममधल्या मुलीचा एकही सिग्नल आम्हाला दिसला नव्हता.

मग मामा बोलले. "पोरींनो, तुम्ही चार वर्षांत जाणार. हा दहा-बारा वर्षं जगणार. दर वर्षी नवीन पोरी नवीन नाव ठेवणार, सुट्टी लागली की उपाशी ठेवणार. हे काय घर आहे का त्याचं?"

खरं होतं. छोटी कुत्री पंधरा वर्षंही जगतात. आमचं प्रेम सेमिस्टर पॅटर्नचं होतं. त्याला माणूस हवा होता, बॅच नको होती.

शेवटी आमच्या लॅबमधल्या एका असिस्टंट काकांनी विचारलं, "आमच्याकडे गावठाणात अंगण आहे, आईला सोबत होईल. चालेल का?" घरच्या सगळ्यांना विचारलं, महापालिकेचा परवाना काढला, रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत दिलं. दत्तजयंतीच्या आठवड्यात वॉशर त्यांच्या घरी गेला. मामांच्या केबिनमध्ये दत्ताचा फोटो आहे, पायाशी चार कुत्री असलेला. मामा म्हणाले, "योग्य वेळी चालला."

जाताना आम्ही काकांना एक कागद दिला. वॉशरची डेटाशीट. त्यात ब्रीडचा रकानाच ठेवला नाही. लिहिलं होतं ते असं :

- वरून उचलू नका. खाली बसा, हात पुढे करा, तो येईल.
- जेवताना हात लावू नका.
- नाक चाटून तोंड फिरवलं की थांबा.
- फटाक्यांत टेबलाखाली जागा द्या.
- निळा बॉल.
- डाव्या कानामागे खाजवलं की झोपतो.

यातली एकही ओळ कुठल्या पुस्तकात सापडली नसती. ती दीड वर्ष रोज बघूनच लिहिता आली.

मागच्या रविवारी मी त्याला भेटायला गेले होते. काकांच्या आई ओट्यावर भाजी निवडत होत्या आणि त्यांच्या पायाशी वॉशर गुंडाळी करून, मधोमध भोक ठेवून झोपला होता. माझा आवाज ऐकून उठला, कमरेपासून शेपूट हलवली, हात चाटला. आणि दोन मिनिटांनी परत आजींच्या पायाशी जाऊन बसला.

मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण सिग्नल क्लिअर होता.

असो. हॉस्टेलच्या गेटवर आता रात्री त्या मुलीसोबत आमच्यापैकी कुणीतरी चालत येतं. ती विचारत होती, वॉशरला एकदा लांबून बघता येईल का. पुढच्या रविवारी जाणार आहोत. लांबूनच.

— टी. ई. मेकॅनिकल