टेस्टोस्टेरॉन कमी, मग हृदयाला धोका?

टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचा रिपोर्ट हातात पडला की पन्नाशीतल्या पुरुषाच्या कानावर दोन उलटसुलट गोष्टी येतात. हे संप्रेरक घटलं की हृदयविकार जडतो, ही एक. ते बाहेरून घेतलं की झटका येतो, ही दुसरी. दुसरी भीती अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेत वयस्क पुरुषांवर चाललेली एक चाचणी हृदयाच्या तक्रारी वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली, आणि २०१० साली ती प्रसिद्ध झाली.

मग ‘ट्रॅव्हर्स’ ही मोठी चाचणी झाली. ४५ ते ८० वयाचे पाच हजारांहून अधिक पुरुष, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी, शिवाय हृदयविकार असलेला किंवा त्याचा धोका मोठा. निम्म्यांनी टेस्टोस्टेरॉनचं जेल लावलं, निम्म्यांनी औषध नसलेलं तसंच जेल. २०२३ मध्ये निकाल आला. झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, न घेणाऱ्यांत ७.३ टक्के. धोका वाढला नाही, पण कमीही झाला नाही. मला हे दुसरं तितकंच महत्त्वाचं वाटतं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, मात्र २.४ वरून ३.५ टक्क्यांवर गेलं. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकारही वाढले. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी जास्त तयार होतात, रक्त दाट होतं; म्हणून उपचार चालू असताना हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, तपासत राहावंच लागतं.

मुळात पोट सुटलं, मधुमेह झाला, आजार लांबला की टेस्टोस्टेरॉन आपणहून खाली येतं. हृदय बिघडवणारी कारणंही बरीचशी हीच. तेव्हा रिपोर्टातला आकडा अनेकदा बिघाडाची खूण असतो, त्याचं मूळ नव्हे. जेलने आकडा वर येतो, वाढलेली साखर तशीच राहू शकते.

बायकांच्या शरीरातही हे संप्रेरक थोड्या प्रमाणात असतंच. बीजकोश आणि अधिवृक्क ग्रंथी ते बनवतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन झपाट्याने घटतं, टेस्टोस्टेरॉन तितक्या वेगाने घटत नाही, आणि दोघांचा तोल बदलतो. पाळी गेलेल्या स्त्रियांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात, २०१८ साली, इस्ट्रोजेनच्या मानाने टेस्टोस्टेरॉन जास्त असणाऱ्यांत पुढे हृदयविकार अधिक आढळला. यावरून थेट कारण सिद्ध होत नाही. पीसीओएस या बीजकोशांशी निगडित संप्रेरक-विकारात मात्र हा प्रश्न विशीतच उभा राहतो: पुरुष संप्रेरकं वाढलेली, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही. या मुलींची तपासणी बहुतेक वेळा पाळी, मुरुमं आणि मूल होण्यापाशीच थांबते. त्यांचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉन त्याच वयापासून तपासायला हवं.