कर दिसला, परतावा दिसला नाही

कॅनडाचे पंतप्रधान म्हणून मार्क कार्नी यांनी १४ मार्च २०२५ रोजी शपथ घेतली आणि त्याच दिवशी सामान्य ग्राहकांवरील कार्बन कर रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. पेट्रोलवरील आणि घरे उबदार ठेवण्यासाठी लागणाऱ्या वायूवरील हा कर १ एप्रिलपासून संपुष्टात आला. कार्नी हे कॅनडाच्या व पुढे इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. हवामानबदलामुळे अर्थव्यवस्थेला असलेला धोका ते वर्षानुवर्षे जगाला सांगत आले होते. अशा माणसालाच हा कर मोडीत काढावा लागला, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनास आळा घालू पाहणाऱ्या प्रत्येक शासनाने, आपल्या शासनानेही, तिचा अर्थ समजून घेतला पाहिजे.

या करामागील विचार जुना आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० साली तो मांडला. कारखान्याच्या धुराने आसपासच्या लोकांचे जे नुकसान होते, ते कारखानदाराच्या खर्चात धरले जात नाही. म्हणून शासनाने तेवढा कर बसवून ते त्याच्या हिशेबात आणावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्येक धंद्यासाठी वेगळा नियम करून त्यावर निरीक्षक नेमण्यापेक्षा उत्सर्जनालाच किंमत लावली, तर कोळसा, तेल वा वायू कोठे व किती वाचवावयाचा हे ज्याचे तो ठरवितो. सारख्याच खर्चात अधिक काम होते, हा या पद्धतीचा लाभ बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना मान्य आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जुलै २००८ मध्ये हा प्रयोग केला. टनाला १० डॉलरपासून आरंभ करून २०१२ पर्यंत कर ३० डॉलरवर नेण्यात आला आणि त्या उत्पन्नाइतकीच सूट प्राप्तिकरात व कंपनीकरात देण्यात आली. या करामुळे उत्सर्जन एरवीपेक्षा ५ ते १५ टक्क्यांनी कमी राहिले आणि प्रांताच्या एकूण अर्थव्यवस्थेवर फारसा अनिष्ट परिणाम झाला नाही, असे पुढे अभ्यासकांना आढळले. हा कर लावणारे मुख्यमंत्री गॉर्डन कॅम्पबेल २००९ ची निवडणूकही जिंकले.

या अनुभवाच्या बळावर केंद्र सरकारने २०१८ साली कायदा केला. ज्या प्रांतांची स्वतःची पुरेशी व्यवस्था नव्हती, तेथे एप्रिल २०१९ पासून टनाला २० डॉलर कर सुरू झाला व तो दरवर्षी वाढत जाऊन एप्रिल २०२४ मध्ये ८० डॉलरवर पोचला. पेट्रोलच्या लिटरमागे हा भार १७.६ सेंट पडे. यातील सुमारे ९० टक्के रक्कम कुटुंबांना थेट परत मिळत असे. २०२४-२५ साली अल्बर्टातील चौघांच्या कुटुंबाला १,८०० डॉलर मिळावयाचे होते. प्रांतांनी या कायद्यास आव्हान दिले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तो वैध ठरविला.

मग कर बुडाला कशाने? भरलेला कर आणि मिळालेला परतावा एवढाच हिशेब मांडला, तर बहुसंख्य कुटुंबांना अधिक पैसे परत मिळतात, असे संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने दाखवून दिले होते. वेतन व गुंतवणूक यांवरील परिणाम धरले तर अनेकांचा तोटा होतो, असेही त्याच कार्यालयाचे म्हणणे होते. पण त्या गणितात चूक झाल्याचे २०२४ मध्ये त्याला मान्य करावे लागले आणि दुरुस्त अहवालात तोटा बराच कमी भरला. महागाईच्या दरात करातील वार्षिक वाढीमुळे पडणारी भर मध्यवर्ती बँकेने अवघी ०.१५ टक्के सांगितली होती. जून २०२२ मध्ये तेथील महागाईचा दर ८.१ टक्के होता, हे ध्यानात घेतले म्हणजे दुखणे अन्यत्र होते हे उघड होते.

तथापि पेट्रोल पंपावरचा आकडा दर आठवड्यास दिसतो. परताव्याचे तसे नव्हते. आरंभी तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रातून वळता होई. जुलै २०२२ पासून तो तिमाहीने बँकेत जमा होऊ लागला, पण खात्याच्या उताऱ्यात त्याचे नाव इतके संदिग्ध असे की पैसे कशाचे आले हेच अनेकांना उमगत नसे. सरकारने त्याचे नाव बदलले, तेव्हा २०२४ साल उजाडले होते. त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, घरे तापविण्याच्या तेलावरील कर सरकारने तीन वर्षांसाठी स्थगित केला. या तेलाचा वापर मुख्यत्वे अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांत होतो. नैसर्गिक वायू वापरणाऱ्या सस्कॅचेवानसारख्या प्रांतांनी ‘मग आम्हीच का भरावे?’ असा प्रश्न केला. त्यास समाधानकारक उत्तर नव्हते. विरोधी नेते पिएर पॉलिएव्ह यांनी ‘कर हटवा’ ही घोषणा देशभर नेली आणि अखेर सत्ताधारी पक्षानेच ती अमलात आणली. कारखान्यांवरील कार्बन आकारणी मात्र कायम राहिली.

भारतानेही उत्सर्जनाला किंमत लावून पाहिली आहे. फक्त तिचा गाजावाजा झाला नाही. १ जुलै २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागू झाला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. हा पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जावयाचा होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. निधीकडे त्यातले सुमारे २९ हजार ६०० कोटी वळविण्यात आले आणि प्रकल्पांना प्रत्यक्षात मिळाले ते सुमारे १५ हजार ९०० कोटी. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उपकराची जागा राज्यांना भरपाई देण्यासाठीच्या उपकराने घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही रद्द झाला व कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. विजेच्या दरातून हा भार सोसणाऱ्या ग्राहकाला तो कधी लागला आणि कधी गेला, याचा पत्ताही लागला नाही. कॅनडात लोकांना कर दिसला आणि परतावा दिसला नाही. येथे दोन्ही दिसले नाहीत. म्हणूनच आपल्याकडे या उपकराविरुद्ध मोर्चे निघाले नाहीत, आणि म्हणूनच ठरल्या कामावर खर्च न झालेल्या पैशाचा जाबही कोणी विचारला नाही.

आता भारतात कार्बन-पत व्यापाराची नवी योजना येत आहे. जून २०२३ मध्ये ती अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद इत्यादी उद्योगांना उत्सर्जनाची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. उद्दिष्ट चुकविणाऱ्यास पत विकत घ्यावी लागेल. त्याचा काही भाग आज ना उद्या घर बांधणाऱ्याच्या सिमेंटच्या पोत्यात आणि विद्यार्थ्याच्या वहीच्या किमतीत उतरेल. तो योग्य कारणासाठी असेल, तर लोक सोसतीलही. परंतु कोणाकडून किती घेतले आणि ते कोठे गेले, हे त्यांना दरवर्षी साध्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. कॅनडाच्या सरकारला हे शहाणपण फार उशिरा सुचले. भारत सरकारला ते आरंभीच दाखविण्याची संधी अद्याप आहे.