घर आणि प्रयोगशाळा

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून गुलामीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ आपल्याकडील कितीतरी घरांत आप्तासारखा वावरत आहे. परंतु अशी चरित्रे वाचून मनात एक गैरसमज राहून जाण्याचा संभव असतो. तो असा की, प्रतिभा असली म्हणजे ती कोणत्याही अंधारातून आपली वाट काढतेच. वस्तुतः कार्व्हर हा अपवाद होता, आणि अपवादाच्या पायावर समाजाचे धोरण उभारता येत नाही. अमेरिकेतील साध्या कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबातले मूल विज्ञानाकडे किंवा तंत्रविद्येकडे कसे वळते, त्याला कोण वळवते आणि वाटेत काय आडवे येते, हा खरा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या लहानशा गावी सापडते. तेथे जोशुआ कोलमन नावाचे एक गृहस्थ शेती, लाकूडकाम आणि मिळेल ते काम करून संसार चालवीत. त्यांचे स्वतःचे शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेलेले नव्हते. पण उभ्या झाडाकडे नुसते पाहून त्यातून किती लाकूड निघेल हे ते सांगू शकत, अशी आठवण त्यांची धाकटी मुलगी पुढे सांगत असे. १९१८ साली जन्मलेल्या या मुलीचे नाव कॅथरिन. दिसेल ते मोजण्याचा तिला छंद होता. मात्र कृष्णवर्णीय मुलांसाठी त्या परगण्यात आठवीपुढे शाळाच नव्हती. गोऱ्या मुलांच्या शाळेत त्यांना प्रवेश नव्हता. तसा कायदाच होता.

अशा वेळी बहुतेक घरांत मुलांच्या शिक्षणाला पूर्णविराम मिळे. कोलमन दांपत्याने निराळा निर्णय घेतला. सुमारे १२० मैलांवर इन्स्टिट्यूट नावाच्या गावी कृष्णवर्णीयांसाठी महाविद्यालय होते आणि त्याच्या आवारात माध्यमिक शाळाही होती. त्यांनी तेथे बिऱ्हाड केले. शाळेचे वर्ष सुरू झाले की आई चारही मुलांना घेऊन तेथे राही. वडील गावी राहून दोन चुलींचा खर्च भागवीत. कॅथरिन वयाच्या १८ व्या वर्षी पदवीधर झाली. महाविद्यालयात क्लेटर नावाच्या कृष्णवर्णीय गणिताध्यापकांनी तिची कुवत ओळखली आणि अवकाशीय भूमितीचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम केवळ तिच्या एकटीसाठी सुरू केला. १९५३ मध्ये ती विमानविद्येच्या सरकारी संशोधनकेंद्रात गणनेच्या कामावर रुजू झाली. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, तेव्हा गणकयंत्राने काढलेले आकडे कॅथरिन जॉन्सन यांनी हाताने पडताळून पाहावेत, मगच आपण निघू, असे त्यांनी सांगितले. ही हकीकत आता जगजाहीर आहे. मला मात्र ग्लेनच्या प्रदक्षिणेपेक्षा त्या १२० मैलांच्या प्रवासाचे मोल अधिक वाटते. तो घडला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

परंतु या कथेतून केवळ आईबापांच्या त्यागाचा बोध घेणे पुरेसे नाही, न्याय्यही नाही. शाळा पुरवणे हे शासनाचे काम होते. ते त्याने केले नाही, म्हणून एका कुटुंबाला आपला संसार दुभंगावा लागला. ज्यांना दुसरे बिऱ्हाड परवडले नाही, अशा घरांतील मुलींची नावे इतिहासात नाहीत. तेव्हा कुटुंबांना उत्तेजन द्यावे असे म्हणताना, त्यांच्यापुढची भिंत कोणी बांधली, हे विसरून चालणार नाही.

ही भिंत केवळ शाळेची नव्हती. कार्व्हर यांनी १८९६ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत जेथे अध्यापन केले, त्या अलाबामातील टस्कीगी गावाच्याच परिसरात १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यखात्याने एक अभ्यास हाती घेतला. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते, आणि त्यांतील बहुसंख्य उपदंशाने पीडित होते. त्यांना रोगाचे खरे नाव सांगण्यात आले नाही. पुढे पेनिसिलिन हे हमखास औषध उपलब्ध झाले, तरी रोगाची स्वाभाविक गती पाहावयाची म्हणून ते त्यांना देण्यात आले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी वाच्यता केल्यावर हा प्रकार थांबला. राष्ट्राध्यक्षांनी क्षमायाचना केली ती १९९७ साली. मी स्वतः शासनसेवक आहे. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला विशेष टोचले ते हे की, यात कोणी लपूनछपून अपराध करीत नव्हते. टिपणे लिहिली जात होती, अहवाल प्रसिद्ध होत होते, निधी मंजूर होत होता. अशा समाजातील एखादी आजी प्रयोगशाळेचे नाव काढताच सावध होत असेल, तर ते अज्ञान नव्हे, तो अनुभव आहे.

मग हा अविश्वास आणि हे अंतर कसे ओलांडावे? दोन प्रयत्न मला उद्बोधक वाटतात. पहिला रॉबर्ट मोझेस यांचा. १९६० नंतरच्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदारयादीत नोंद व्हावी म्हणून जिवावर उदार होऊन काम केलेला हा गणिताचा शिक्षक. आपल्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित शिकवतच नाहीत, असे त्यांना आढळले. १९८२ च्या सुमारास ते स्वतः त्या शाळेत जाऊन शिकवू लागले आणि त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' ही चळवळ उभी राहिली. यंत्रयुगात बीजगणिताला मुकलेला मनुष्य मताधिकाराला मुकलेल्या मनुष्याइतकाच दुबळा राहतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यांची पद्धतही मोठी सुबोध होती. ते मुलांना बोस्टनच्या भुयारी रेल्वेतून फिरवून आणीत. परतल्यावर मुलांनी प्रवासाचे चित्र काढावयाचे, मग तो आपल्या रोजच्या बोलीत सांगावयाचा, नंतर तोच नेमक्या शब्दांत मांडावयाचा, आणि अखेरीस चिन्हांत लिहावयाचा. एक स्थानक शून्य मानले की प्रश्न दोनच उरतात: किती स्थानके, आणि कोणत्या दिशेने? ऋण संख्या म्हणजे काय, हे मुलाला अशा रीतीने पायांनी कळते. आणि घरी गेल्यावर तो प्रवास आईला समजावून सांगणे त्याला कठीण जात नाही.

दुसरा प्रयत्न मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर परगण्याच्या विद्यापीठातला. फ्रीमन ह्राबोव्स्की आणि रॉबर्ट मायरहॉफ यांनी १९८८ मध्ये तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व अभियांत्रिकीची एक शिष्यवृत्ती योजना स्थापन केली. १९९६ पासून ती सर्वांसाठी खुली झाली. निवडलेल्या विद्यार्थ्यांना सत्रापूर्वीच उन्हाळ्यात एकत्र आणतात. एकट्याने झुरत न बसता गटाने अभ्यास करण्याची सवय लावतात. विशेष म्हणजे पालकांनाही योजनेत सामील करून घेतात. शासनात काम करणाऱ्यांना, योजना जाहीर झाली आणि अर्जाचे नमुने छापून आले की आपले कर्तव्य संपले, असे मानण्याची सवय जडते. मीही त्याला अपवाद नाही. ह्राबोव्स्की यांनी मात्र ओळखले की, ज्या घरातून आजवर कोणी प्रयोगशाळेत गेलेले नाही, त्या घरालाच आधी प्रयोगशाळेत बोलावले पाहिजे. दार उघडे आहे एवढे सांगून भागत नाही. 'या' असे म्हणावे लागते.

याच योजनेतून किझमेकिया कॉर्बेट ही विद्यार्थिनी २००८ मध्ये पदवीधर झाली. २०२० च्या महामारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेत जी मंडळी लस तयार करण्यात गुंतली होती, त्यांत ती आघाडीवर होती. लस तयार झाल्यावर अनेक कृष्णवर्णीय घरांत टस्कीगीची आठवण जागी झाली आणि लोक कचरले. तेव्हा कॉर्बेट स्वतः आपल्या समाजातील लोकांशी बोलल्या; त्यांच्या शंकांना त्यांनी हसण्यावारी नेले नाही.

विज्ञानक्षेत्रात कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने आजही कमीच आहे. ते वाढावे, याचे कारण केवळ चांगली नोकरी आणि चांगले वेतन एवढेच नाही. ज्यांच्यावर एके काळी प्रयोग झाले, त्यांचीच मुले जेव्हा प्रयोग करू लागतात, तेव्हा घराला प्रयोगशाळेची भीती उरत नाही, आणि प्रयोगशाळेलाही घराचा विसर पडत नाही. शाळा, शिष्यवृत्ती आणि न्याय देणे हे शासनाचे ऋण आहे. ते त्याने फेडलेच पाहिजे. पण मुलाने झाडाकडे पाहून प्रश्न विचारला, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून उत्तर शोधायला बसणे, हे मात्र जोशुआ कोलमनसारख्या बापाच्याच हाती असते.