काटा राहिला, किराणा गेला

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर, 3 क्रमांकाच्या दुकानाबाहेर, कॉफी दळायच्या यंत्राची पाटी आजही लटकते आहे. हे दुकान मात्र वाइन आणि इतर मद्यं विकतं. 1698 साली बोर्न आडनावाच्या एका विधवेने ते थाटलं तेव्हा तिथे कॉफी, चहा, मसाले, तपकीर असा किराणा मिळे. त्याच वर्षी व्हाइटहॉलचा राजवाडा जळाला आणि दरबार समोरच्या सेंट जेम्स राजवाड्यात आला, त्यामुळे बाईंच्या दारात श्रीमंत गिऱ्हाईक आपसूक आलं. या बाईंचं पाळण्यातलं नावसुद्धा इतिहासाने नोंदवलेलं नाही. त्यांचं दुकान आज 'बेरी ब्रदर्स अँड रड' या नावाने चालतं, आणि सव्वातीनशे वर्षांनंतरही मालकी घराण्याकडेच आहे. जुनी पेढी म्हटली की तोच माल, तेच घराणं, तीच रीत असं आपण धरून चालतो. या पेढीचा इतिहास नेमका उलट आहे. तिने माल सोडला, वारसांसाठी मुलाच्या मुलावर अडून बसली नाही, आणि जपली ती फक्त मालाची पारख व गिऱ्हाइकाची नोंद. माझ्या मते ती टिकली ती यामुळेच.

आधी वारसांचं पाहू. बोर्नबाईंची मुलगी एलिझाबेथ हिने विल्यम पिकरिंगशी लग्न केलं आणि दुकान जावयाच्या नावाने चालू लागलं. पिकरिंग गेल्यावर एलिझाबेथनेच कारभार पाहिला, मग मुलांनी. पुढे तो क्लार्क नावाच्या भागीदाराकडे गेला. क्लार्कच्या मुलीचं सासर एक्सेटरच्या एका वाइन व्यापाऱ्याकडचं. तिचा मुलगा जॉर्ज बेरी 1803 साली, सोळाव्या वर्षी, दुकानात काम शिकायला आला आणि 1810 मध्ये दारावर त्याचं नाव लागलं. 1845 मध्ये त्याच्या दोन मुलांनी सूत्रं घेतली, म्हणून 'बेरी ब्रदर्स'. 1920 साली वाइनचा जाणकार ह्यू रड भागीदार झाला आणि पुढे त्याचंही नाव पाटीवर चढलं. मुलाचा मुलगा एवढीच वारसाची व्याख्या धरली असती, तर हा धंदा अठराव्या शतकातच बंद पडला असता. मग याला घराण्याचा धंदा म्हणायचं तरी कसं, असं कोणी विचारेल. मला वाटतं, म्हणायचं ते याच अर्थाने: लेक, जावई, नातू, भागीदार यांतल्या ज्याला धंदा कळतो त्याला आपलं म्हणणारं घराणं.

दुकानातली सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे तिथला भला मोठा काटा. तो कॉफीची पोती तोलायला होता. 1765 पासून त्यावर गिऱ्हाइकं स्वतःचं वजन करून घेऊ लागली. घरोघरी वजनकाटा नव्हता, त्या काळी ही मोठीच सोय होती. दुकानदार नाव, तारीख आणि वजन चामडी बांधणीच्या वह्यांत उतरवून ठेवी, आणि अंगावर काय होतं तेही. कवी लॉर्ड बायरन 1806 मध्ये बूट घालून, टोपी काढून काट्यावर बसला तेव्हा भरला 13 स्टोन 12 पौंड, म्हणजे सुमारे 88 किलो. उपासतापास करून 1811 पर्यंत तो साधारण 62 किलोंवर आला होता. या वह्यांत आगाखानांचंही नाव आहे. इस्माइली अनुयायांनी तिसऱ्या आगाखानांची 1936 साली मुंबईत सुवर्णतुला केली होती, हे इथे आठवतं. विकलेला माल विस्मरणात गेला, पण काय तोललं आणि कोणाला तोललं याची नोंद मात्र राहिली. गिऱ्हाइकाला त्या दुकानाशी बांधून ठेवणारा हा धागा फार पक्का होता.

आता किराणा सोडल्याची गोष्ट. चहा, साखर, मसाले आणि वाइन हे सगळं जहाजाने येई, तळघरात साठवावं लागे आणि नाकाजिभेने पारखावं लागे. त्यामुळे वाण्याच्या दुकानात वाइन असणं स्वाभाविकच होतं. 1860 साली ब्रिटनचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन याने फ्रेंच वाइनवरचा कर उतरवला आणि किराणा दुकानदारांना बाटलीबंद वाइन विकायची वाट मोकळी केली. घरच्या बाया किराण्याच्या बिलात लपवून दारू मागवतील अशी ओरड तेव्हा झाली. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठ्या सुपरमार्केटांतून वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा आपल्याकडे उठलेल्या वादळाशी ही ओरड ताडून पाहण्यासारखी आहे. पण ज्या शतकात लंडनचे वाणी वाइनकडे धावत होते, त्याच शतकात या वाण्याने किराण्यातून अंग काढून घेतलं. लिप्टन, सेन्सबरी यांच्यासारख्यांच्या साखळी दुकानांपुढे चहा-साखरेच्या भावात टिकाव लागणं एकट्या दुकानाला कठीण होतं. वाइनमध्ये मात्र भावाइतकीच पारख चालते, आणि माल वर्षानुवर्षं सांभाळण्याची ऐपत लागते. दोन्ही गोष्टी या पेढीकडे होत्या.

यावर सरळ आक्षेप असा की राजवाड्यासमोर जागा आणि राजघराणं गिऱ्हाईक असल्यावर कोणीही तगेल. जागेचं मोल मी नाकारत नाही. पण त्याच रस्त्यावर तेच शेजार लाभलेली कितीतरी दुकानं नामशेष झाली. शिवाय या पेढीचा विसाव्या शतकातला मोठा विक्रम राजवाड्यापासून फार दूर घडला. 1923 मध्ये तिने 'कटी सार्क' ही फिक्या रंगाची व्हिस्की काढली. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. बहामामार्गे चोरून ती तिथे पोचली, आणि बंदी उठल्यावर तिचा खप प्रचंड वाढला. हा काही स्वच्छ इतिहास नाही. त्याआधीच्या शतकांत लंडनच्या वाण्यांनी विकलेली साखर आणि कॉफी मोठ्या प्रमाणात वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या घामातून आली होती, हेही दीर्घायुष्याचं कौतुक करताना वगळता येत नाही. पेढी टिकली एवढ्यावरून तिचा सगळा व्यवहार चांगला ठरत नाही. ती का टिकली, एवढंच तिच्याकडून शिकता येतं. माल सोडून देण्याच्या तिच्या तयारीचा आणखी एक दाखला: जगभर नाव मिळवून दिलेली कटी सार्कसुद्धा तिने 2010 मध्ये दुसऱ्या कंपनीला देऊन टाकली, आणि रोजचा कारभार घराबाहेरच्या व्यवस्थापकांच्या हाती सोपवला.

हे सगळं आज सांगता येतं, कारण त्या दुकानाने वह्या फेकल्या नाहीत. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारपेठांत तीन-चार पिढ्यांची किराणा आणि भुसार दुकानं आहेत. त्यांच्या खतावण्यांत गावाची उधारी, भाव, दुष्काळ, लग्नसराई सगळं लिहिलेलं आहे, आणि दुकानाची दुरुस्ती निघाली की पहिली रद्दीत जातात त्या याच वह्या. तुमच्या घरी अशी पेढी असेल, तर त्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नका. जागा नसेल तर गावच्या ग्रंथालयाला किंवा जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला विचारा.