गाव नसलेला संघ : महिंद्रा युनायटेडची अठ्ठेचाळीस वर्षे

भारतीय फुटबॉलच्या इतिहासात कोलकात्याचे तीन जुने क्लब, गोव्यातील खाणमालकांचे संघ आणि हैदराबादचे पोलीस यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी मुंबईच्या कारखान्यांनी, बँकांनी आणि रेल्वेच्या कचेऱ्यांनी पोसलेल्या संघांची नोंद फारच थोड्या ठिकाणी सापडते. महाराष्ट्राला फुटबॉलमधील पहिले राष्ट्रीय साखळी विजेतेपद मात्र अशाच एका कारखान्याच्या संघाने मिळवून दिले. १९६२ साली महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा संघ म्हणून स्थापन झालेला, पुढे महिंद्रा युनायटेड या नावाने ओळखला गेलेला हा क्लब २००५-०६ च्या हंगामात देशाचा विजेता ठरला आणि त्यानंतर चारच वर्षांनी, २००९-१० चा हंगाम संपल्यावर, विसर्जित झाला. तो दिवाळखोरीत निघाला नव्हता, मैदानावर त्याची धूळधाण उडाली नव्हती, की खालच्या श्रेणीत त्याची घसरणही झाली नव्हती. चांगल्या स्थितीतला संघ मिटतो तेव्हा तो कोणाच्या मालकीचा होता हा प्रश्न उभा राहतो, आणि महिंद्रा युनायटेडचा इतिहास वाचण्याजोगा आहे तो मुख्यतः या प्रश्नामुळे.

कंपनीचा संघ ज्या मैदानात उतरला त्याची परंपरा कंपनीहून कितीतरी जुनी होती. दक्षिण मुंबईतील कूपरेज या जागेचे नाव पिंपे बनवणाऱ्या कारागिरांवरून, म्हणजे ‘कूपर’ मंडळींवरून पडलेले आहे. ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला, बँडस्टँडच्या बागेला लागून असलेल्या या मैदानाने लष्करी पलटणींचा फुटबॉल पाहिला, गिरण्यांचा पाहिला आणि नंतर कंपन्यांचाही पाहिला. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही मुंबईची स्पर्धा होती. आरंभी ती ब्रिटिश पलटणींपुरती मर्यादित होती. १९२३ साली मोहन बागानने तिच्यात अंतिम फेरी गाठली आणि १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स हा तिच्यातील पहिला भारतीय विजेता ठरला. १९०२ पासून चालत आलेली हारवूड लीग ही शहराची स्वतःची साखळी स्पर्धा होती. साखळी स्पर्धा म्हणजे प्रत्येक संघाने प्रत्येकाशी खेळून गुण मिळवायचे, आणि बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे हरला तो घरी. रोव्हर्स दुसऱ्या जातीची आणि हारवूड पहिल्या जातीची, हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

जालन्याच्या वाचकाने कूपरेजचा हा इतिहास परका मानण्याचे कारण नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जालना हा हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता, आणि त्या राज्याच्या राजधानीतील हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे कूपरेजवर येऊन रोव्हर्स चषक नेला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. मुंबईकर प्रेक्षकांनी ज्यांना घाबरावे असा संघ त्या काळी मराठवाड्याच्याच राज्यातला होता, ही गोष्ट आज मराठवाड्यातही फारशी कोणाला सांगितली जात नाही. विशेष म्हणजे तोही संघ खात्याचाच होता: खेळाडू पोलीस दलात नोकरीला, सराव कवायतीच्या मैदानावर आणि पगार सरकारी तिजोरीतून.

मुंबईतील रचना हीच होती, फक्त खात्याच्या जागी कंपनी होती. अशा संघाला बोलीत ‘ऑफिस टीम’ किंवा ‘कंपनीची टीम’ म्हणत. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वेचे दोन्ही विभाग, आर.सी.एफ. आणि बँका असे हे संघ एकमेकांशी खेळत. कॅलटेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषकही जिंकला. मुलगा चांगला खेळतो असे कळले की त्याला नोकरी मिळे, आणि ती नोकरी खोटी नसे: हजेरीपटावर नाव, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि यथाकाल पदोन्नती. सकाळी सराव, मग खात्यात काम, सामन्याच्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुटी, आणि गुडघा कायमचा दुखावला किंवा वय झाले तरी टेबल-खुर्ची शाबूत, असा हा हिशेब होता. ज्या काळात फुटबॉलवर घर चालवता येत नव्हते त्या काळात वसईच्या, वांद्र्याच्या किंवा माहीमच्या मध्यमवर्गीय आईबापांनी मुलाला खेळू दिले ते या हिशेबाच्या भरवशावर. या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे असले तरी तिच्यावाचून मुंबईचा फुटबॉल एवढी वर्षे टिकला नसता, हे मान्य केले पाहिजे.

त्या फुटबॉलचा पोतही वेगळा होता. मुंबईचा हंगाम पावसाळ्यात भरे. क्रिकेटला मैदान नको असे त्या महिन्यांत ते फुटबॉलला मिळे. कातड्याचा जुना चेंडू दहा मिनिटांत पाणी पिऊन जड होई, बुटांच्या खिळ्यांमध्ये चिखल भरून तळवा सपाट होई, आणि जमिनीवरून दिलेला लांब पास डबक्यात थांबून प्रतिस्पर्ध्याची वाट पाही. म्हणून छातीवर घेऊन पुढे टाकणारे, अंगाने भक्कम आणि हवेतल्या चेंडूवर हुकमत असलेले खेळाडू इथे अधिक तयार झाले, तर कोरड्या मैदानावरच्या नाजूक ड्रिब्लिंगला, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून गडी चुकवण्याच्या कसबाला, वाव कमी राहिला.

महिंद्रा अँड महिंद्राची कथा याच शहरात १९४५ साली सुरू होते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन केलेल्या कंपनीचे मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद असे होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीने आजचे नाव घेतले. विलीज जीपची जुळणी तिने हाती घेतली आणि पुढच्या काही दशकांत ही गाडी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात इतकी रुळली की जालना, अंबड किंवा भोकरदनच्या रस्त्यावर ‘जीप आली’ याचा अर्थ बहुधा तहसीलदार आले किंवा पोलीस आले असाच होई. संघाला पडलेले ‘जीपमेन’ हे टोपणनाव या गाडीवरून आले.

पहिली तीन दशके संघ मुंबईच्या स्पर्धांमधला एक भक्कम, पण देशपातळीवर फारसा न गाजलेला संघ होता. १९९६-९७ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नॅशनल फुटबॉल लीग सुरू केली आणि देशभराच्या क्लबांना प्रथमच एकाच साखळीत आणले, तेव्हा मोठा बदल घडला. बाद स्पर्धेत दोन आठवडे जोर लावला की चषक हाती येतो. साखळीत मात्र महिनोन्महिने प्रवास, वीसबावीस जणांचा पूर्णवेळ ताफा, परदेशी खेळाडू आणि त्यांचे करार लागतात. हजेरीपटावरच्या कामगार-खेळाडूला हे झेपणारे नव्हते. महिंद्राने १९९८ मध्ये ड्युरँड चषक जिंकून आपली धाव दाखवली होती. त्यानंतर कंपनीने संघाला व्यावसायिक रूप दिले आणि या शतकाच्या आरंभी तो महिंद्रा युनायटेड झाला. ‘युनायटेड’ हा शब्द मँचेस्टरपासून जगभर फिरलेला; पण मँचेस्टर युनायटेडच्या नावात मँचेस्टर आहे, महिंद्रा युनायटेडच्या नावात मुंबई नव्हती.

त्यानंतरची दहा वर्षे मात्र खरोखरच वैभवाची होती. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषक, २००६ आणि २००८ मध्ये आय.एफ.ए. शील्ड, २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड, आणि २००७ मध्ये ए.एफ.सी. चषक या आशियाई क्लब स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी, एवढे यश मुंबईच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाला तोवर मिळाले नव्हते. कोलकात्याला जाऊन आय.एफ.ए. शील्ड आणणे याचे मोल विशेष मानले पाहिजे, कारण १८९३ पासून चालत आलेली ती स्पर्धा म्हणजे बंगालच्या फुटबॉलचे देवघर आहे.

या सर्वांत मुकुटमणी २००५-०६ चा हंगाम. तोपर्यंत राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्या बाहेर गेले नव्हते. प्रशिक्षक डेरिक परेरा हे स्वतः गोव्याचे, खेळाडू असताना साळगावकरचे बचावपटू. त्यांच्या संघात मोहन बागानचा लाडका ब्राझिलियन आघाडीपटू जोसे रामिरेझ बारेटो त्या हंगामापुरता मुंबईत आला होता. कोलकात्यात ज्याच्या नावाने स्टँड गर्जत असे तो खेळाडू त्या वर्षी कूपरेजच्या तुलनेने शांत प्रेक्षकांसमोर खेळला. संघ जिंकत गेला, विजेतेपद आले, आणि शहराने ते जवळजवळ ऐकले नाही. क्रिकेटच्या बातम्यांखाली एखादा रकाना, एवढीच त्याची जागा.

ही उदासीनता केवळ क्रिकेटच्या माथी मारता येत नाही. मराठी मुलखातच याच्या उलट उदाहरण आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते, कारण तिथला संघ पेठेचा असतो. खेळाडू गल्लीतला, वर्गणी गल्लीतली, हरल्याचे दुःखही गल्लीचेच. त्या संघांनी देशपातळीवर महिंद्राच्या शतांशही यश मिळवलेले नाही, पण कोणा संचालक मंडळाच्या ठरावाने पाटाकडील तालीम बंद पडेल अशी कल्पनाही कोल्हापुरात कोणी करणार नाही. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामागे सभासदांची पिढीजात फौज आहे, तिचेही मर्म हेच. कंपनीचा संघ जिंकला तर कोणी जिंकले, याचे उत्तर कंपनीबाहेरच्या माणसाला देता येत नाही.

परदेशातही कारखान्यांचे संघ होतेच, आणि त्यांतले काही आज जगातले मोठे क्लब आहेत. लंडनचे आर्सेनल १८८६ मध्ये वुलिचच्या शस्त्रागारातील कामगारांनी काढले, आइंडहोव्हनचे पी.एस.व्ही. १९१३ मध्ये फिलिप्सच्या आश्रयाने उभे राहिले, तर जपानमध्ये १९५० साली मित्सुबिशीचा म्हणून सुरू झालेला संघ १९९३ मध्ये व्यावसायिक जे-लीग सुरू होताना उरावा या शहराच्या नावाने ओळखला जाऊ लागला, कारण त्या लीगने क्लबांना कंपनीऐवजी गावाशी बांधून घेण्याचा आग्रह धरला. भारतीय साखळीने असा आग्रह वेळेवर धरला असता तर महिंद्राच्या जागी मुंबईचे नाव आले असते, आणि कंपनी बाजूला झाली तरी काहीतरी मागे उरले असते, असे मानण्यास जागा आहे. अर्थात गावाचे नाव म्हणजे अमरपट्टा नव्हे: लॅटव्हियातील रीगा शहराच्या स्कोंटो या क्लबाने १९९१ ते २००४ असे सलग चौदा वेळा देशाचे विजेतेपद मिळवले, आणि तरीही कर्जात बुडून २०१६ मध्ये तो दिवाळखोर ठरला. पण स्कोंटो पैशाअभावी गेला; महिंद्रा युनायटेड मागे भक्कम कंपनी असताना गेला.

२०१० मध्ये संघ बंद करताना कंपनीने सांगितलेले कारण असे होते की यापुढे फुटबॉलवरचा पैसा शालेय वयाच्या मुलांवर खर्च करावयाचा, आणि त्याप्रमाणे स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाच्या सहकार्याने आंतरशालेय स्पर्धेचा उपक्रम सुरूही झाला. हेतू वाईट नव्हता. तरीही त्यात एक मोठी उणीव होती, ती अशी की चौदा वर्षांच्या मुलाला खेळाची गोडी लावायची आणि तो वीस वर्षांचा झाल्यावर ज्या संघात जाण्याचे स्वप्न त्याने पाहावे तोच संघ मिटवायचा, या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. शिडीच्या खालच्या पायऱ्या वाढवताना वरची काढून घेतली गेली. पुढल्याच वर्षी, २०११ मध्ये, नॅशनल लीगचा पहिला विजेता असलेला पंजाबचा जे.सी.टी. हा गिरणीचा संघही बंद झाला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओ.एन.जी.सी. यांना क्लब परवान्याच्या अटी पूर्ण करता न आल्यामुळे नॅशनल लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमधून बाहेर काढण्यात आले, आणि मुंबईच्या ऑफिस टीमचे युग देशपातळीवर तरी संपले. क्लब परवाना म्हणजे मैदान, युवा संघ, हिशेब आणि स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व यांविषयी आशियाई महासंघाने घातलेल्या अटी. त्यांतली स्वतंत्र अस्तित्वाची अट खात्याच्या संघांना स्वभावतःच जमणारी नव्हती.

महिंद्राची माणसे मात्र विखुरली तरी खेळात राहिली. डेरिक परेरा पुणे एफ.सी.कडे गेले. मधल्या फळीत खेळलेल्या खालिद जमील यांनी मुंबई एफ.सी. या २००७ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाच्या प्रशिक्षकपदी बरीच वर्षे काढली. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफ.सी.ला त्यांनी आय-लीग जिंकून दिली, तेव्हा ईशान्य भारताला प्रथमच देशाचे विजेतेपद मिळाले. त्याच हंगामात मुंबई एफ.सी. खालच्या श्रेणीत गेला आणि लवकरच तोही मिटला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नेमणूक झाली. ज्या दोन मुंबईकर क्लबांत त्यांनी खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून आपली वर्षे घालवली, त्यांतला एकही त्या दिवशी अभिनंदनाचा फलक लावण्यासाठी शिल्लक नव्हता.