रक्ताची गुठळी आणि वेळेची घंटा

हृदयाची झडप निकामी झाल्यास तिच्या जागी कृत्रिम झडप बसविता येते. परंतु धातू व कार्बन यांच्या परक्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी धरण्याचा संभव असतो. ती सुटून मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो. म्हणून अशा रुग्णास वॉर्फेरिन किंवा ॲसेनोकूमारॉल हे औषध जन्मभर घ्यावे लागते.

ही औषधे 'रक्त पातळ करणारी' म्हणून ओळखली जातात. वस्तुतः रक्त पातळ होत नाही. गोठण्यास लागणारी काही प्रथिने यकृतात 'के' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार होतात. त्या कार्यास औषध आळा घालते. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव, असा हा दुहेरी धोका आहे. वॉर्फेरिन १९४८ मध्ये प्रथम उंदीर मारण्यासाठी वापरात आले व १९५४ पासून रुग्णांना दिले जाऊ लागले, हे येथे ध्यानात घ्यावे.

योग्य मात्रा 'आय. एन. आर.' या रक्तपरीक्षेवरून ठरते. निरोगी माणसात हा आकडा सुमारे १ असतो. कृत्रिम झडपेच्या रुग्णात तो बहुधा २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ राखावा लागतो.

रायपूर येथे २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. बस्तरमधील जगदलपूर तेथून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. इतक्या अंतरावरील रुग्णास दोन परीक्षांच्या दरम्यान स्वतःच दक्षता बाळगावी लागते. या कामी स्मार्टफोन उपयोगी पडतो. त्यातील घड्याळाची घंटा नेटवर्क नसतानाही ठरल्या वेळी वाजते. परीक्षेची तारीखही त्यात नोंदविता येते.

तथापि घंटा बंद करून गोळी विसरणे, किंवा घेतली की नाही या शंकेने ती पुन्हा घेणे, असे घडू शकते. म्हणून गोळी गिळल्यावरच घंटा बंद करावी व सात वारांचे कप्पे असलेली डबी वापरावी. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये व डॉक्टरांस कळवावे.

छत्तीसगडात लाल भाजी, चेच भाजी अशा पालेभाज्या आवडीने खातात. पालेभाज्यांत 'के' जीवनसत्त्व असते. त्या सोडण्याचे कारण नाही. मात्र आठवड्यागणिक त्यांचे प्रमाण सारखे ठेवावे. हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यास किंवा शौचास काळे झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फोन वेळेची आठवण देतो. मात्रा किती असावी, हे रक्तपरीक्षा पाहून डॉक्टरच ठरवितात.