यंत्रांच्या चुकांचे दप्तर

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या या संग्रहाला भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वैभवास नेले. तेथील पोथ्यांच्या संगतीत काही निराळेच कागद जपलेले आहेत. सरफोजींच्या धन्वंतरी महालात ज्या नेत्ररोग्यांवर उपचार झाले, त्यांची ती रुग्णपत्रे होत. तक्रार कोणती, डोळ्याची स्थिती कशी, उपचार काय केला, हे त्यांत लिहिलेले असून काहींसोबत डोळ्यांची चित्रेही आहेत.

या नोंदींमागील तत्त्व साधे आहे. बिघाड विसरावयाचा नाही. तो लिहून ठेवावयाचा, म्हणजे पुन्हा उद्भवल्यास ओळखता येतो. आणि ते दप्तर आपल्याच घरी जपावयाचे. आजच्या संगणकासही हीच दोन तत्त्वे लागू पडतात.

न दिसणारी कीड

अशी कल्पना करा की, एखाद्या ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांची सूची संगणकावर ठेवली आहे. दूरच्या गावचा अभ्यासक एका मोडी कागदाचा शोध घेतो. आज्ञावलीतील एखाद्या चुकीमुळे यंत्र अडखळते व पडदा कोराच राहतो. तो कागद येथे नाहीच, असे समजून अभ्यासक शोध सोडून देतो. कागद कपाटात सुरक्षित असतो. पण त्या अभ्यासकापुरता तो नष्ट झाल्यासारखाच होय. वाळवीने पोथी खाल्ली तर निदान भोक दिसते. ही कीड ग्रंथपालास दिसतही नाही.

‘कीड’ हा शब्द येथे केवळ अलंकार नव्हे. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-दोन या गणकयंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून खाली टीप लिहिली. आज्ञावलीतील दोषास इंग्रजीत किड्याचेच नाव रूढ आहे.

नोंद कशी होते?

त्रुटींची नोंद ठेवणारी सेवा हे काम आपोआप करते. मूळ आज्ञावलीत एक लहानसा भाग जोडून त्यास नोंद पाठविण्याचा पत्ता दिलेला असतो. चूक घडताच वेळ, आज्ञावलीची आवृत्ती आणि कोणत्या ओळीतून कोणत्या ओळीकडे जाताना काम थांबले, याचा माग त्या पत्त्यावर जातो. एकच चूक हजार वेळा घडली तरी हजार कागद साचत नाहीत. सारख्या नोंदींचा एकच गठ्ठा बांधला जातो व त्यावर आकडा वाढत जातो. सेंट्री ही या प्रकारची प्रसिद्ध सेवा. तिचा आरंभ २००८ साली झाला. ग्लिचटिप ही तिच्याच पद्धतीच्या नोंदी स्वीकारणारी, अधिक आटोपशीर सेवा आहे.

अशी सेवा भाड्यानेही मिळते. परंतु चुकीच्या नोंदीबरोबर वाचकाचे नाव, पत्ता वा शोधलेला विषयही परक्या यंत्रावर जाऊ शकतो. म्हणून काही संस्था ती स्वतःच्या यंत्रावर चालविणे पसंत करतात.

एका वाड्यातील बिऱ्हाडे

पूर्वी हे काम किचकट होते. सेवेच्या प्रत्येक भागास निरनिराळी साधने लागत व ती एकमेकांशी भांडत. २०१३ साली डॉकर हे साधन प्रसिद्ध झाल्यापासून ‘कंटेनर’ची पद्धत सर्वत्र पसरली. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहतात. पाया व विहीर सामाईक, पण प्रत्येकाची चूल वेगळी. तद्वत लिनक्स प्रणालीचा गाभा सामाईक ठेवून प्रत्येक कंटेनरास स्वतःची फाइलव्यवस्था, स्वतःचे जाळे व स्मृतीचा ठरावीक वाटा दिला जातो. माहितीसाठी पोस्टग्रेस, कामांच्या रांगेसाठी रेडिस, एक कंटेनर पडद्यासाठी, एक पाठीमागच्या कामासाठी, अशी मांडणी एकाच लिखित यादीत नमूद करून एका आज्ञेने सारी सेवा उभी करता येते.

मात्र घरच्या दप्तरास घरचीच राखण लागते. कंटेनर हा टाकाऊ असतो. त्याच्या आत ठेवलेली माहिती त्याच्याबरोबरच नाहीशी होते. म्हणून ती बाहेरच्या कायम साठ्यात ठेवावी, तिची नित्य प्रत काढावी, आणि त्या प्रतीवरून सेवा पुन्हा उभी राहते की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहावे. जुन्या नोंदी ठरावीक दिवसांनी काढून न टाकल्यास साठा भरून सेवा बंद पडते. संपूर्ण सेंट्रीस १६ गिगाबाइट स्मृती लागते, हेही लहान संस्थेने आधीच हिशेबात घ्यावे. शिवाय नोंदीची सेवा सूचीच्याच यंत्रावर ठेवू नये. रोगी व वैद्य एकाच वेळी अंथरुणास खिळले, तर रुग्णपत्र कोण लिहिणार? वाचकांची नावे तर पाठविण्यापूर्वीच गाळावीत.

इतके करूनही अखेरचे काम माणसाचेच राहते. यंत्र गठ्ठा बांधील, आकडाही दाखवील. तो सोडून वाचावयास कोणी तरी रोज बसले पाहिजे. रुग्णपत्र लिहिल्याने डोळा बरा होत नाही. ते वाचून औषध देणारा वैद्य लागतो. तो असेल, तरच कोऱ्या पडद्यासमोरून परतलेल्या अभ्यासकास त्याचा कागद पुढच्या खेपेस मिळेल.